१९५८ ची सही कुठं गेली?



वनहक्काच्या दाव्याची सुनावणी असली की आपल्या माणसांना एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "ते युनो-बिनो इथं चालत नाही. सातबारा असंल तर दाखवा, नसंल तर बाजूला व्हा." कळमनुरीकडच्या बायांनी हे वाक्य ऐकलं, औंढ्याकडच्या पोरांनीही ऐकलं. कार्यालयाचं नाव आम्ही लिहीत नाही. साहेब बदलतात, खुर्ची बदलते, वाक्य तेच राहतं.

या वाक्याचा समाचार घ्यायचा म्हणून हा लेख. थोडा लांब आहे. गावात ज्याला वाचता येतं त्यानं बाकीच्यांना वाचून दाखवावा.

साहेबाच्या बोलण्यात अर्धं खरं आहे. ते अर्धं आपण आधीच कबूल करून टाकू, म्हणजे उरलेल्या अर्ध्यावर त्याला धरता येईल. दिल्लीनं परदेशात एखाद्या करारावर सही केली म्हणून तो इथं आपोआप कायदा होत नाही. करार अमलात आणायला कायदा करण्याचा अधिकार घटनेच्या कलम २५३ नं संसदेला दिलाय. तो कायदा झाला नाही तर नुसता करार पुढं करून तहसीलदाराकडून जमीन मागता येत नाही. इथपर्यंत साहेब बरोबर.

पण पुढं ऐका. १९८० साली सुप्रीम कोर्टापुढं जॉली जॉर्ज वर्गीस नावाच्या कर्जदाराचा खटला आला. बँकेचं कर्ज फिटत नाही म्हणून त्याला तुरुंगात घालायचं होतं. कोर्टानं सांगितलं की आंतरराष्ट्रीय करार हा स्वतः कायदा नाही. पण आपला कायदा वाचताना तो कराराशी जुळेल असा वाचायचा, आणि निव्वळ गरिबीमुळं कर्ज फेडता येत नसेल तर माणसाला जेलात टाकता येणार नाही. १९९७ साली विशाखा खटल्यात कोर्ट आणखी पुढं गेलं. राजस्थानातल्या एका साथीणीनं बालविवाह अडवला म्हणून तिच्यावर अत्याचार झाला, त्यातून तो खटला उभा राहिला. कामाच्या जागी बाईच्या संरक्षणाचा कायदाच तेव्हा नव्हता. कोर्टानं बायकांवरील भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार हातात घेतला आणि त्याच्या आधारानं नियम घालून दिले. पुढं सोळा वर्षं ते नियमच कायद्यासारखे चालले. तेव्हा "चालत नाही" हे काही खरं नाही. चालवणारा पाहिजे.

आता हे कागद कोणकोणते, ते समजून घेऊ. सगळे कागद एका वजनाचे नसतात. गावात जमिनीचा व्यवहार होतो तेव्हा पारावर दिलेला शब्द वेगळा, इसारपावती वेगळी आणि रजिस्टर खरेदीखत वेगळं. देशादेशांचंही तसंच आहे.

जाहीरनामा म्हणजे पारावर दिलेला शब्द. मानवी हक्कांचा १९४८ चा जाहीरनामा हा असा शब्द. आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा १३ सप्टेंबर २००७ ला युनोत मंजूर झाला, तोही असाच. त्याच्या बाजूनं १४३ देश, विरोधात चार: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. म्हणजे ज्यांनी आदिवासींची जमीन सगळ्यात जास्त गिळली ते चौघं. (पुढं लाजेकाजेनं त्यांनीही होकार दिला.) भारतानं बाजूनं मत दिलं. कलम १० सांगतं की मोकळ्या मनानं आणि आधी दिलेल्या संमतीशिवाय आदिवासींना त्यांच्या जमिनीवरून हलवायचं नाही. पण मत देताना आपल्या सरकारनं पुस्ती जोडली की भारतातले सगळेच लोक मूळनिवासी आहेत. वाहवा! जंगलखात्याच्या गार्डपासून सावकारापर्यंत सगळेच आदिवासी, मग हक्क द्यायचा कुणाला? पारावर शब्द द्यायचा आणि उठताना म्हणायचं, हा शब्द सगळ्या गावाला दिलाय, तुला एकट्याला नाही. असली ही हुशारी.

सही म्हणजे इसार. छळवणुकीविरुद्धच्या करारावर भारतानं १९९७ साली सही केली. इसार दिला, रजिस्ट्री आजवर नाही. कोठडीत मार खाल्लेल्या आपल्या पारधी भावांना याचा अर्थ सांगायची गरज नाही.

अनुसमर्थन म्हणजे रजिस्ट्री. सही करून, मान्यता देऊन, दस्त जमा करून देश बांधला जातो. वंशभेदाविरुद्धचा करार भारतानं १९६८ ला असा मान्य केला. नागरी व राजकीय हक्कांचा आणि आर्थिक, सामाजिक, सांस्कृतिक हक्कांचा, हे १९६६ चे दोन मोठे करार १९७९ ला मान्य केले, पण खरेदीखतात अट घालावी तशी अट घालून. दोन्ही करारांचं पहिलंच कलम स्वयंनिर्णयाचं. भारत म्हणतो, ते परकीय सत्तेखालच्या लोकांपुरतं, स्वतंत्र देशातल्या लोकांना लागू नाही. शिवाय नागरी हक्कांच्या करारासोबत एक पुरवणी करार आहे, त्यानं एकटा माणूससुद्धा थेट जिनिव्हाला तक्रार करू शकतो. ती पुरवणी भारतानं घेतलेली नाही. दार बांधलं, कडी आतून लावली.

हे दोन करार मात्र आपल्या कायद्यात एका जागी आलेले आहेत. मानवी हक्क संरक्षण कायदा १९९३ चा. त्यातली मानवी हक्कांची व्याख्या काढून बघा. घटनेतले हक्क आणि या करारांमधले, भारतातल्या कोर्टात बजावता येणारे हक्क, असं तिथं छापलंय. संसदेनंच छापलंय.

आता मुख्य कागदाकडं येऊ.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं, म्हणजे आयएलओनं, १९५७ साली १०७ नंबरचा करार केला. आदिवासींवरचा जगातला हा पहिला बांधील करार. भारतानं २९ सप्टेंबर १९५८ ला त्याची रजिस्ट्री केली. नेहरूंचं सरकार होतं, मराठवाडा तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्यात होता, महाराष्ट्र जन्मायचा होता. त्या करारात काय आहे? कलम ११: आदिवासी जी जमीन परंपरेनं वहिवाटतात तिच्यावर त्यांची मालकी, एकेकट्याची असो की सामूहिक, मान्य करायची. कलम १२: त्यांच्या संमतीशिवाय त्यांना हलवायचं नाही, देशाची सुरक्षा, आर्थिक विकास किंवा आरोग्य यासाठी कायद्यानं हलवावंच लागलं तर निदान तितक्याच प्रतीची जमीन द्यायची. कलम १३: आदिवासींच्या रूढीचा किंवा कायद्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊन बाहेरच्यांनी जमीन लाटू नये असा बंदोबस्त करायचा.

परत वाचा. वहिवाट. सातबारा नाही, वहिवाट. "सातबारा दाखवा" म्हणणाऱ्या साहेबाच्या सरकारनं जगापुढं लिहून दिलंय की वहिवाट हीच मालकीची खूण.

हा करार देव्हाऱ्यात ठेवावा असा नाही. त्याचा सगळा रोख आदिवासींना "मुख्य प्रवाहात" मिसळून टाकायचा. म्हणून तर आयएलओनं १९८९ ला १६९ नंबरचा नवा करार केला. त्यात आदिवासींची ओळख टिकवायची, त्यांना विचारून कारभार करायचा असं आलं. शेजारच्या नेपाळनं तो २००७ साली मान्य केला. भारतानं नाही. नवा घ्यायचा नाही आणि जुना पाळायचा नाही. नव्या सह्या घेणं १०७ नं बंद केलं असलं तरी ज्यांनी आधी केली ते बांधलेलेच आहेत. भारत त्यात आहे, आणि दर काही वर्षांनी आयएलओला अहवाल धाडतो की आम्ही हा करार कसा पाळतो. इसापूरचं धरण हा करार लागू असतानाच उभं राहिलं. ज्या आदिवासींची शेतं त्या पाण्याखाली गेली त्यांना तितक्याच प्रतीची जमीन मिळाली का, हे अहवाल लिहिणाऱ्यानं पैनगंगेच्या काठच्या म्हाताऱ्यांना कधी विचारलं असेल असं वाटत नाही.

करारानं आपल्या मुलखाची उलथापालथ होणं ही काही नवी गोष्ट नाही. हिंगोलीत हैदराबाद कंटिन्जंट ही इंग्रज अंमलदारांची फौज असायची. तिच्या खर्चाची बाकी निजामाकडं तुंबली, म्हणून १८५३ च्या करारानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, १९०२ ला कायमच्या पट्ट्यानं. पैनगंगेच्या अलीकडं निजाम, पलीकडं इंग्रज. आपल्या आंध समाजाची सोयरीक दोन्ही काठांवर, पुसद-उमरखेडपासून कळमनुरीपर्यंत. एकाच घरातल्या बहिणीभावांना नदी ओलांडली की राज्य वेगळं, जंगलाचा कायदा वेगळा. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पण तो करार पाळला गेला, अगदी काटेकोर.

आणि आताचं बघा. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो नावाची वेधशाळा होतेय. आभाळातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी मोजायच्या, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. ३१ मार्च २०१६ ला वॉशिंग्टनला भारत आणि अमेरिकेच्या खात्यांनी त्यासाठी सामंजस्य करार केला. सामंजस्य करार म्हणजे ट्रीटीसुद्धा नव्हे, आपल्या हिशेबात फार तर साध्या कागदावरची लेखी बोली. तरी तिच्यासाठी जमीन शोधली, मोजली, मिळवली. २०२३ ला केंद्रानं २६०० कोटी रुपये मंजूर केले आणि त्याच वर्षी ११ मे ला पंतप्रधानांनी कोनशिला बसवली. आमचं त्या यंत्राशी भांडण नाही. आपली पोरं तिथं शास्त्रज्ञ म्हणून गेली तर आम्ही हलगी वाजवत सोडायला जाऊ. आमचा सवाल एवढाच: २०१६ ची बोली सात वर्षांत कोनशिलेपर्यंत पोचते, आणि १९५८ ची रजिस्ट्री अजून तहसीलच्या पायरीपर्यंत पोचत नाही, हे कसं? तिथं कुणी म्हणालं का, "अमेरिकेचा कागद इथं चालत नाही"?

काही शहाणी मंडळी म्हणतील, १०७ चा कोर्टात काय उपयोग झाला? खरं सांगायचं तर दोन्ही झालं. नर्मदेत सरदार सरोवरानं महाराष्ट्राची अक्कलकुवा-धडगावकडची गावं बुडवायला घेतली तेव्हा आयएलओच्या तज्ज्ञ समितीनं भारताला जाब विचारला. जागतिक बँकेनं नेमलेल्या मोर्स समितीनं १९९२ च्या अहवालात याच कराराच्या मापानं पुनर्वसन मोजलं आणि ते भरलं नाही. पुढच्या वर्षी बँकेचा पैसा थांबला. पण २००० साली सुप्रीम कोर्टानं तोच कलम १२ उलटा वाचला: तितक्याच प्रतीची जमीन देत असाल तर हलवायला हरकत नाही. धरण वर गेलं. मग २०१३ ला नियमगिरी. ओडिशातल्या डोंगरिया कोंधांच्या डोंगरातलं बॉक्साइट कंपनीला द्यायचं की नाही हे ग्रामसभांनी ठरवावं असं सुप्रीम कोर्टानं सांगितलं, आणि त्या निकालात १०७ चाही उल्लेख आहे, २००७ च्या जाहीरनाम्याचाही. बारा ग्रामसभा बसल्या, बाराही ग्रामसभांनी नकार दिला. नियमगिरीत निकाल टिकला तो वनहक्क कायद्याच्या पायावर. करार त्याला टेकू म्हणून आला. आपणही ते तसंच वापरायचं.

कारण हिंगोलीची अडचण वेगळी आहे. आपला जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही. शेजारी नांदेडचं किनवट अनुसूचित क्षेत्रात, कळमनुरी नाही. म्हणून पेसा कायदा किनवटला लागतो, आपल्याला लागत नाही. कळमनुरीला आदिवासी प्रकल्प कार्यालय आहे, पण पेसा नाही. म्हणजे योजना वाटायला आम्ही आदिवासी, गावाचा कारभार ठरवायला नाही. सभेत किनवटचे साथी पेसाचं बोलतात तेव्हा आपल्या लोकांना वाटतं आपल्यालाही तेच लागू. तसं समजून अर्ज केला की साहेब एका ओळीत तो परत लावतो.

आपल्याला लागू असणारे कायदे दुसरे, आणि दोन्ही दमदार. एक, आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीची जी शेतजमीन बिगरआदिवासीकडं गेली ती परत मिळवून देणारा. १०७ च्या कलम १३ चाच हा मराठी अवतार म्हणा. बड्यांनी त्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं. १९८४ ला लिंगप्पा पोचन्ना खटल्यात कोर्टानं कायदा वैध ठरवला. या चौकशीत वकील उभा करता येत नाही, तेही कोर्टानं मान्य केलं. म्हणजे समोरचा नांदेडहून काळा कोट आणू शकत नाही, त्यालाही आपल्यासारखं स्वतःच्या तोंडानं बोलावं लागतं. १९७४ च्या पुढं तर महसूल संहितेच्या कलम ३६-अ नं जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकता-देता येत नाही. तरी गहाण, बटाई, नव्याण्णव वर्षांचा पट्टा अशी टोपणनावं घेऊन ती जातेच.

दुसरा वनहक्क कायदा, २००६ चा. तो देशभर लागतो, अनुसूची असो नसो. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनची वहिवाट, कमाल चार हेक्टर. आणि पुरावा? नियम १३ वाचा. गावातल्या म्हाताऱ्याचा जबाब पुरावा आहे. शेताचा बांध, विहीर, खोपटाची जोती, मसणवटा, देवाचं ठाणं पुरावा आहे. पूर्वी गार्डानं फाडलेली दंडाची पावती हा तर खणखणीत पुरावा: तुम्हीच लिहून दिलंत की हा माणूस अमुक साली इथं नांगर धरून होता. यातले दोन पुरावे असले की झालं. उपग्रहाचा फोटो जोडीला घेता येतो, इतर पुराव्याच्या बदली नाही, हेही नियमातच आहे. "गुगलवर झाडी दिसते" म्हणून दावा फेकणारा साहेब युनोचं सोडा, दिल्लीचा नियमही पाळत नाही.

घाईचं कारण आहे. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढायचा आदेश दिला होता. देशभरात लाखो घरं त्यात येत होती. ओरड झाली, २८ फेब्रुवारीला त्याच कोर्टानं आदेश थांबवला आणि राज्यांना विचारलं, दावे फेटाळताना पद्धत पाळली का? आदेश थांबलाय, फाटलेला नाही. आपल्या भागातल्या ज्या दाव्यांवर "अमान्य" असा नुसता शिक्का बसलाय, ते उद्या त्याच यादीत जाणार.

एक बोट आपल्याकडंही वळवू. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन येतो. तो दिवस आला कुठून? १९८२ ला युनोच्या आदिवासींवरच्या कार्यगटाची पहिली बैठक त्या दिवशी बसली म्हणून. जमिनीच्या हक्कासाठी जगभरचे आदिवासी जिनिव्हाला गेले त्याची ती तारीख. आणि आपल्याकडं? डीजे, फ्लेक्स, फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे फोटो, त्यातले दोघे-तिघे तर आपल्याच गायरानावर डोळा ठेवून असलेले. शहरातल्या संस्था हॉटेलात कार्यशाळा घेतात, स्वयंनिर्णय म्हणतात, फोल्डर वाटतात. त्या फोल्डरात कलम ४(५) सापडत नाही: दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणालाही काढता येणार नाही. नाच करा, आम्हीही नाचतो. पण त्या दिवशी एक तरी ग्रामसभा ठराव करून उठू दे.

ठरावात काय लिहायचं ते सांगतो. दावा वनहक्क कायद्यावरच उभा करायचा. पुरावे नियम १३ चे नाव घेऊन मोजायचे. मग एक परिच्छेद: भारत सरकारनं २९ सप्टेंबर १९५८ रोजी मान्य केलेल्या आयएलओ करार क्रमांक १०७ च्या कलम ११ नुसार परंपरेच्या वहिवाटीवरची मालकी मान्य करणं शासनावर बंधनकारक आहे, आणि घटनेचं कलम ५१(क) राज्याला करारांतल्या जबाबदाऱ्यांचा आदर राखायला सांगतं, म्हणून वनहक्क कायदा या कराराशी सुसंगत वाचावा, अशी ग्रामसभेची मागणी आहे. एवढंच. जास्त पाल्हाळ नको.

उपविभागीय समितीला ग्रामसभेचा ठराव पटला नाही तर तिनं कारणं लिहून तो ग्रामसभेकडं फेरविचाराला पाठवायचा असतो, परस्पर फेटाळायचा नसतो. फेटाळलाच, तर कारण लेखी मागा, आणि पत्र हातात पडल्यापासून ६० दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडं जा. पत्रावरची तारीख आणि तुम्हाला मिळाल्याची तारीख यात दोन-दोन महिन्यांचं अंतर असतं, म्हणून पाकीट फेकू नका.

आणखी एक वाट आहे, ती आपल्याकडं कुणी चालत नाही. आयएलओकडं आदिवासी संघटनेला थेट तक्रार करता येत नाही, पण कामगार संघटनेला येते. सरकार जो अहवाल धाडतं त्याची प्रत मोठ्या कामगार संघटनांना जाते, त्यांना त्यावर शेरा मारता येतो. आपलीच माणसं दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यांवर जातात. ऊसतोड्यांची युनियन आणि जमिनीची चळवळ ही माणसं एकच, सभा मात्र वेगळ्या. युनियनच्या साथींशी आम्ही बोलणं सुरू करतोय. ज्यांचे दावे नुसत्या शिक्क्यानं गेलेत त्यांची गावनिहाय यादी लागेल: नाव, गट नंबर, दाव्याची तारीख, नामंजुरीची तारीख, कारण दिलं का. साध्या वहीच्या पानावर लिहून कार्यकर्त्यापाशी द्या.

स्टेन्सिलवरची जागा संपत आली. ठरावाचा पुरा मसुदा पुढच्या अंकात छापतो. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्या, आणि तोवर दंडाच्या जुन्या पावत्या उंदरांपासून आणि पाण्यापासून सांभाळा. पत्र्याच्या डब्यात ठेवा.